देवबापाच्या पायाचा अंगठा

देवबापाची दाढी करणारा माणूस कुणाला बघायचा असेल तर त्याने भाईंदरला यावं. तो मीच. पाव इंच काढली, तीही पॉलिश पेपरने, आणि देवबापाने हूं की चूं केलं नाही. संत पेत्राच्या टकलावर मी केस उगवून दिले आहेत. तीन राजांचा एक उंट बकरीसारखा दिसायचा, त्याला मी पुन्हा उंटात आणलं आहे. एका देवदूताचे पंख तर मी इतके हुबेहूब केले होते की मूर्ती घेऊन जाताना रिक्षावाल्याने विचारलं, हा उडणार तर नाही ना? मी म्हटलं, घट्ट धर.

तीस वर्षं मी संतांच्या मूर्ती दुरुस्त केल्या आणि रंगवल्या. आता हात थरथरतो, पण तोंड थरथरत नाही. म्हणून नाताळ अंकाच्या संपादकांनी या वेळी हाताऐवजी तोंडाला काम दिलं आहे. माझी बायको सांगते, या माणसाचं निम्मंच खरं धरा. मी खोटं बोलत नाही, फक्त वर एक हात रंग जास्त मारतो. धंद्याची सवय, दुसरं काय.

धंदा तसा सोपा आहे. मूर्ती माझ्याकडे पेशंटसारखी यायची, चादरीत गुंडाळलेली आणि कुणाच्या तरी मांडीवर. आधी तिला कापसाने धुवायचं, कारण पन्नास वर्षांच्या मेणबत्त्यांची काजळी नाकात बसलेली असते. मग सुटलेला रंग खरवडायचा. खड्डे असतील तिथे लांबी भरायची, म्हणजे रंगाऱ्याचा तो पिठूळ लगदा. ती वाळली की घासायची, मग अस्तर, मग अंगाचा रंग, मग कपडे, मग सोनेरी आणि सगळ्यांच्या शेवटी डोळे. नियम एकच. लांबी भरण्याआधी खालची जागा पॉलिश पेपरने घासून खरखरीत करायची. गुळगुळीत जागेवर लांबी धरत नाही, कधीतरी टोपीसारखी निघून हातात येते. हा नियम लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावर एका बाईचा डोळा अवलंबून आहे.

माझा गाळा होता गोडदेवला. शेजारच्या गाळ्यात म्हात्रे, गणपतीवाले. मध्ये पत्र्याची भिंत होती, ती आम्ही दुसऱ्याच वर्षी काढून टाकली, कारण एकमेकांची हत्यारं मागायला रोज रस्त्यावरून फिरून जावं लागायचं. श्रावणात मी त्यांच्या गणपतींना पितांबर नेसवायचो, डिसेंबरात ते माझ्या मेंढपाळांना मुंडासं बांधायचे. त्यामुळे माझे बेथलेहेमचे मेंढपाळ थोडे पेणचे दिसतात. एकदा घाईघाईत आमच्या संत योसेफाच्या हातात मोदक गेला. त्या घरच्यांनी तो पाव समजून वर्षभर काही विचारलं नाही, मग मीही काही सांगितलं नाही.

गिऱ्हाइकं मला देवाने निवडून पाठवली. भाईंदर पश्चिमेच्या एका बाईंनी संत अंतोनला तांदळाच्या डब्यात उलटं उभं केलं होतं, लेकीचं लग्न ठरेपर्यंत. आमच्यात ही जुनी रीत आहे, संताला जरा अडचणीत टाकलं की तो हालचाल करतो. लग्न तीन आठवड्यांत ठरलं. आनंदाच्या भरात संताला सरळ करायचं मात्र राहून गेलं, वरून तांदूळ भरले गेले, आणि लेकीला मुलगा झाला तेव्हा बारशाच्या पुलावाला डबा खाली करताना अंतोनचे पाय वर आले. माझ्याकडे आणला तेव्हा त्याच्या कानात तांदळातले टोके होते. आणि एका गृहस्थांना संत मायकलच्या पायाखालचा सैतान हवा होता तो त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या चेहऱ्याचा. फोटो घेऊनच आले होते. मी केला, अगदी चष्म्याच्या खुणांसकट. पुढे तेच सेक्रेटरी त्यांच्या घरी चहाला आले, मूर्तीसमोर हात जोडले आणि म्हणाले, सैतान अगदी जिवंत वाटतो.

पण संपादकांनी माझं सगळ्यात चांगलं काम कोणतं ते विचारलंय. खरं सांगायचं तर ते माझं सगळ्यात वाईट काम होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वस्तीत दर महिन्याला एक नवी बिल्डिंग उगवत होती आणि आमच्या डोंगरी गावाकडे मात्र अजून बोंबील वाळत होते. तिथल्या एका वाडीत एक कपेल आहे, म्हणजे वाडीचं छोटंसं चर्च. त्यात पवित्र त्रैक्याची सागवानी मूर्ती, तीन हात उंच. देवबाप बसलेला, शेजारी क्रूस धरलेला पुत्र, आणि दोघांच्या वर पवित्र आत्मा, कबुतराच्या रूपात. पावसाळ्यात छप्पर गळलं. पुत्र कोरडा, कबुतर कोरडं, पाणी नेमकं बापाच्या तोंडावर. नाक गेलं, डोळे गेले, दाढी फुगून आली. त्रैक्याचा सण येतो पावसाच्या तोंडावर, त्याआधी मूर्ती उभी करायची होती. फादर नवीन होते, तरुण होते, हसरे होते. मूर्ती टेम्पोत चढवताना मला म्हणाले, "जोसफ, चेहरा पहिल्यासारखा व्हायला हवा हं."

पहिल्यासारखा म्हणजे कसा? लहानपणी मी त्याच कपेलात जायचो, पण चेहरा मलाही आठवेना. मी वाडीत विचारत सुटलो. एकाने सांगितलं, बाप रागीट होता, हेडमास्तरसारखा. दुसरा म्हणाला, छे, तो हसायचा. तिसरा शपथेवर म्हणाला की कुठल्याही बाकावर बसलं तरी बापाची नजर त्याच्यावरच. एका बाईने सांगितलं, त्याचे डोळे मिटलेले होते. मग मी लग्नांचे अल्बम मागवले. चाळीस तरी अल्बम पाहिले असतील, बायको म्हणेल वीस. प्रत्येक फोटोत बापाच्या तोंडाच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा. मी वैतागून त्यातला एक फोटो फादरांना दाखवला. त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, सेमिनरीत सात वर्षं जे शिकलो त्याच्या हा सगळ्यात जवळचा आहे.

झग्याच्या मूळ रंगावरून तर तीन म्हातारे माझ्या गाळ्यात येऊन भांडून गेले. एक म्हणे लाल, एक म्हणे हिरवा, एक म्हणे निळा. मी खरवडायला घेतलं. वर निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली लाल. तिघांनी तीन वेगवेगळ्या काळात पहिल्यांदा डोळे वर केले होते, आणि तिघेही खरे. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. तसाच हातातली खरवडणी घेऊन फादरांकडे गेलो आणि म्हटलं, फादर, मला त्रैक्य समजलं. झगा एक, रंग तीन. आधी लाल, मग हिरवा, मग निळा.

फादर म्हणाले, "जोसफ, असंच म्हणणारा एक जण फार पूर्वी होऊन गेला. ख्रिस्तसभेने त्याला बाहेर काढलं."

"मग खरं काय, फादर?"

"तिघे एकाच वेळी आहेत, आणि देव एकच आहे. झगे बदलत नाही तो."

"हे कसं जमतं?"

"ते मला कळलं की पहिला तुझ्या गाळ्यावर येईन," फादर म्हणाले. आजपर्यंत आलेले नाहीत.

वाडीतली सगळ्यात जुनी भक्त म्हणजे इनेसमाय. चाळीस वर्षं भाईंदर स्टेशनबाहेर मासळी विकली तिने. एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की पावसाआधी ऑपरेशन झालं नाही तर हाही हातचा जाईल. तारीख मिळाली होती, सणाच्या थोडी आधीची. मी तिलाही जाऊन विचारलं, माय, बापाचं तोंड कसं होतं?

ती पापलेट निवडत होती. दिसत नव्हतंच, म्हणून अंगठ्याने. मासळीवाल्या मासा डोळ्यांनी बघायचं नुसतं नाटक करतात, खरी पारख अंगठ्याची. अंगठा दाबला आणि खळगी भरून आली तर मासा ताजा. ती म्हणाली, "तोंड? मी कदी बगितलं न्हाय. माजी मान खालीच."

मला वाटलं, म्हातारी विसरली. तिने मला जे हवं ते सांगितलं होतं, आणि मी ते टाकून चेहऱ्याच्या मागे लागलो.

तीन आठवडे लागले त्या चेहऱ्याला. रोज करायचो, रोज पुसायचो. रागीट केला तर मलाच भीती वाटायची. हसरा केला तर म्हात्रे म्हणायचे, हा काहीतरी विकायला आलाय. दाढी फुगलेली होती, ती तासून पाव इंचाने कमी केली. शेवटी नजर जमली, थोडी झुकलेली, जणू खाली कुणी काही बोलतंय ते ऐकतोय. डोळ्यांच्या आखणीत माझा हात धरणारा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच माणूस, म्हात्रे. तेसुद्धा ब्रश खाली ठेवून उभे राहिले.

बाकीच्या मूर्तीचं काम तसं दोन दिवसांचं. पायाचं तर दहा मिनिटांचं. झग्याखालून बापाचा एकच पाय बाहेर होता, आणि त्याचा अंगठा जांभळाएवढा. वरून पार झिजलेला, रंग उडालेला, मधोमध खळगी पडलेली. मी ती लांबीने भरली, गोल केली, रंगवली, वर नखही काढून दिलं. आणि हे करताना म्हात्र्यांना आमच्या आजोबांनी उत्तनच्या खडकाजवळ पकडलेल्या घोळ माशाची गोष्ट सांगत होतो. ती गोष्ट ऐन रंगात आली तेवढ्यात अंगठा झालासुद्धा.

मूर्ती कपेलात बसवली तेव्हा वाडी नुसती बघत राहिली. रागीटवाला म्हणाला, हाच, रागीट. हसरावाला म्हणाला, बघ, सांगत होतो ना. मी मिशीला पीळ देत उभा. तेवढ्यात सून सेलिना इनेसमायला हाताला धरून घेऊन आली. म्हातारीने मान वर केलीच नाही. नेहमीसारखी खाली वाकली, हात पुढे केला, बापाच्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवला आणि दाबला. एकदा. पुन्हा एकदा. मग हात असा मागे घेतला जसा शिळ्या माशावरून घ्यावा.

"हा माजा न्हाय," ती म्हणाली, आणि सेलिनाला म्हणाली, घरी चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेलिना गाळ्यावर हजर. ओट्यावर पिशवी आपटली आणि म्हणाली, "जोसफदादा, तीन आठवडे तोंड करत बसलात. पाय कोणी बघायचा?" म्हातारीने ऑपरेशनला जायला साफ नकार दिला होता. मोठ्या कामाला निघायच्या आधी बापाचा अंगठा धरायचा हा तिचा शिरस्ता. लग्नाला निघताना धरला, नवरा वादळात अडकला तेव्हा धरला, पाचही बाळंतपणांना धरला. आता तो अंगठाच नव्हता. तारीख परवाची. चुकली तर पुढची पावसाळ्यानंतर, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळ्यांना पाठ होतं.

मी फादरांना घेऊन तिच्या घरी गेलो. ती दारात बसली होती, जाळं विणत, तेही बोटांनीच. फादरांनी फार चांगलं समजावलं. म्हणाले, माय, मूर्ती म्हणजे लाकूड. देवबाप आत्मा आहे, त्याला शरीर नाही. दाढी नाही, हात नाही, पाय नाही. मग अंगठा असा असला काय आणि तसा असला काय?

म्हातारी जाळ्याची गाठ मारून झाल्यावर बोलली.

"ठाव हाय मना, फादर. त्याला पाय न्हाय. तरी त्याने मना धरू दिला."

फादर तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग ती माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला. "माज्या आयचा अंगठा हुता त्या खड्ड्यात, माज्या सासूचा हुता. तुज्या आयचा बी. तू भरून टाकलास. आता मी ज्याला वळकत न्हाय त्याच्या भरवशावर डोळा कापून घेऊ?"

माझी आई दर रविवारी मला त्या अंगठ्याला हात लावायला लावायची. मीच विसरलो होतो. विसरलो म्हणजे काय, मोठा झालो आणि मूर्तींच्या तोंडांकडे बघायला लागलो.

आणि खरी भीती तर पुढेच होती. तुम्हाला नियम सांगितला होता. लांबी भरण्याआधी खालची जागा घासायची. मी जर तो अंगठा घासला असेल, तर शंभर वर्षांची ती खळगी पावडर होऊन गोडदेवच्या गटारात गेली होती आणि ती आता जगातल्या कुठल्याच कारागिराला पुन्हा करता येणार नव्हती. लांबी काढून खाली काय सापडणार, ते मला आठवत नव्हतं. कारण मी घोळ मासा पकडत होतो.

म्हात्र्यांना विचारलं, "मामा, नीट आठवा. मी अंगठा घासला होता का?"

म्हात्रे एका गणपतीच्या कानाला टेकू देत होते. त्यांनी मागे वळून न बघता सांगितलं, "हातात पॉलिश पेपर होता तुझ्या. पण त्याने तू मला माशाची लांबी दाखवत होतास. सुरुवातीला पाच फूट होती, संपेपर्यंत अकरा झाली. अंगठ्याला तू कागद लावलाच नाहीस. मी म्हणणार होतो, घास रे. पण म्हटलं, आधी मासा तर होडीत येऊ दे."

मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, बाजूला हो, कान ओला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे उपासनेनंतर, कपेलात अख्खी वाडी जमली. फादर होते, सेलिना होती, इनेसमाय पहिल्या बाकावर मान खाली घालून. मी चपटी खरवडणी घेतली, नखाच्या कडेला टोक घातलं आणि अगदी हलकेच उचललं. आयुष्यात पहिल्यांदा मी काम करताना काही बोललो नाही. लांबी अख्खी निघाली, टोपीसारखी, नखासकट. खाली ती होती. काळपट, तुकतुकीत, तुपाचा हात फिरवल्यासारखी खळगी, तिला ओरखडासुद्धा नव्हता.

म्हातारीला हाक मारावी लागली नाही. लाकडाचा तो बारीकसा टक असा आवाज झाला आणि ती उठली. आली, वाकली, अंगठा ठेवला. बोट त्या खळगीत असं बसलं जसं भांड्यावर झाकण. बराच वेळ तिने काढलं नाही. ओठ हलत होते, ऐकू काही आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. मग म्हणाली, "हां." आणि सेलिनाला म्हणाली, हॉस्पिटलची पिशवी भर.

फादर माझ्या कानात म्हणाले, हा चमत्कारच. मी म्हटलं, नाही फादर, ही कामचुकारी. इतक्या वर्षांत मी तो नियम एकदाच मोडला आणि तेच नेमकं कामाला आलं. त्यावर ते म्हणाले, दोन्ही एकाच वेळी असू शकतं, जोसफ. मला वाटतं त्रैक्यावरचं त्यांचं ते सगळ्यात चांगलं प्रवचन होतं.

तेव्हापासून मी कुठल्याही संताच्या पायांना हात लावला नाही. लोक म्हणायचे, मिस्तरी, पाय राहिले. मी म्हणायचो, राहू द्या, ते तुमच्या घरच्यांनी रंगवलेत. मात्र एक रुखरुख आहे. त्याआधीच्या वर्षांत मी किती जणांच्या आयांचे अंगठे असे नवेकोरे करून परत दिले असतील? त्यांच्यात कुणी इनेसमाय नव्हती, किंवा होती आणि गप्प बसली. तिथे माझी लांबी पक्की बसली असणार, कारण तिथे मी घासलं होतं.

ऑपरेशन झालं. सणाच्या सकाळी पट्टी निघून आठवडा झाला होता, डोळ्यावर काळा चष्मा. सेलिनाने मला आधीच येऊन सांगितलं होतं की आज माय वर बघणार, सत्तर वर्षांत पहिल्यांदा. मी इस्त्रीचा शर्ट घातला. म्हात्रे मुद्दाम आले, शेवटच्या बाकावर बसले. कपेलात फुलांचा आणि ओल्या छत्र्यांचा वास, आणि सगळ्यांच्या माना इनेसमायकडे.

ती मूर्तीपुढे उभी राहिली. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. आणि मान वर केली. माझा तीन आठवड्यांचा चेहरा तिच्याकडे वाकून बघत होता आणि ती त्याच्याकडे. मला घाम फुटला. घोळ मासा ओढताना आजोबांनासुद्धा एवढा फुटला नसेल.

"बरा हाय," ती म्हणाली. मग जरा निरखून, "दाढी जास्त काडलीस."

एवढं बोलून तिने तो नवाकोरा डोळा मिटला, हात पुढे केला, आणि अंगठा पहिल्याच खेपेला सापडला.